पडदा उजळला, अक्षरं नाही

रत्नागिरीच्या दमट, खाऱ्या हवेत संगणक लवकर म्हातारा होतो. आमचा जुना डेस्कटॉप सुरू केला की पंखा फिरायचा, पडदा मात्र काळाच. दोष दर वेळी मॉनिटरचाच असतो असं नाही. रॅमच्या पट्टीच्या टोकांवर थर चढला, तरी चित्र येत नाही. वीज बंद करून पट्टी काढली, टोकं खोडरबरानं पुसली, पुन्हा घट्ट बसवली. पडदा उजळला.

बाबा आता नाहीत. त्यांनी टाइप केलेल्या गावाच्या आठवणी उघडल्या, तर समोर इंग्रजी अक्षरं नि चिन्हांचा काला. हा बिघाड यंत्राचा नव्हता, इतिहासाचा होता.

एके काळी पीसीवर देवनागरी दिसण्यासाठी जिस्ट कार्ड बसवावं लागे. आयआयटी कानपूरमध्ये रुजलेलं हे तंत्र १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलं. १९९१मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तरी डीटीपीवाले वर्षानुवर्षं आपापल्या फॉन्टवरच चालले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट गेला, की मजकूर मुका.

फाइलमध्ये फॉन्टचं नाव शिल्लक होतं. त्यावरून कन्व्हर्टर शोधला आणि आठवणी युनिकोडमध्ये आणल्या. काही जोडाक्षरं हातानं दुरुस्त करावी लागली.

आज फोनवर मराठी आपोआप दिसते. म्हणूनच सांगतो, घरातला जुना डेस्कटॉप भंगारात देण्याआधी फाइलींबरोबर त्यातले फॉन्टही काढून ठेवा.