सोसण्याचे शास्त्र

वसमतच्या हळदीचा हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. सूज उतरावी म्हणून हळदीचा लेप लावणे ही आपल्या घराघरांतील जुनी रीत; परंतु स्त्रीच्या ओटीपोटातील कळांना आजीबाईच्या बटव्यांतही बहुधा एकच उत्तर असे : सोसावे.

या कळांचे कारण फार उशिरा उमगले. मासिक स्रावाच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरांत प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्ये निपजतात आणि त्यांच्या योगे गर्भाशय आवळला जाऊन वेदना होतात. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारांत होती. पण ती या द्रव्यांची उत्पत्तीच रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. आयब्युप्रोफेन व मेफेनॅमिक ॲसिड यांचा गुणही तोच. मात्र जठरव्रण असणारीने ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

तथापि ज्ञान झाले म्हणजे न्याय झाला असे नव्हे. मराठवाड्यांतच, बीड जिल्ह्यांत, २०१९ च्या शासकीय पाहणीत ऊसतोडीच्या सुमारे ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ओटीपोटाच्या तक्रारी घेऊन गेलेल्या पुष्कळजणी त्यांत होत्या. आधी दुखण्याची चौकशी, मग औषध, आणि शस्त्र सर्वांच्या शेवटी, एवढा क्रम तरी आपण पाळावयास नको काय?