जेटी (वेब सर्व्हर)

जेटी हा जावा भाषेत लिहिलेला मुक्त-स्रोत वेब सर्व्हर व सर्व्हलेट कंटेनर आहे. ग्रेग विल्किन्स यांनी १९९५ मध्ये त्याची निर्मिती सुरू केली. २००९ पासून तो एक्लिप्स फाउंडेशनचा प्रकल्प आहे.

अंतर्भूत वापर

जेटी जावा प्रोग्रॅममध्येच अंतर्भूत करता येतो. तेव्हा एकाच पोर्टवरून पाने, चित्रे यांसारख्या स्थिर फाइली पुरविल्या जातात व एपीआयच्या विनंत्यांनाही उत्तर दिले जाते. विनंती कोणाकडे जावी, हे पत्त्यातील मार्गावरून ठरते. अधिक नेमका मार्ग आधी जुळत असल्याने ‘/एपीआय/*’ हा मार्ग एपीआयच्या सर्व्हलेटकडे, तर उरलेल्या विनंत्यांसाठीचा ‘/’ हा मार्ग स्थिर फाइली देणाऱ्या डीफॉल्ट सर्व्हलेटकडे सोपवितात. फाइलींसाठी नेमलेल्या फोल्डरमध्ये पासवर्ड असलेली फाइल राहिल्यास ती कोणालाही वाचता येऊ शकते. म्हणून तेथे केवळ सार्वजनिक फाइलीच ठेवणे आवश्यक असते.