मिठासाठी हट्ट धरणारा मुलगा

मीठ आपण चिमटीने मोजून घेतो. भाजी अळणी झाली तर घरातली माणसे कुरकुर करतात, खारट झाली तर ताट सरकवतात. पण नुसते मीठ मुठीने खाणारे मूल कोणी पाहिले आहे काय? असे एक मूल अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले होते. त्याची हकीकत लॉसन विल्किन्स आणि कर्ट रिक्टर या दोघांनी 1940 साली प्रसिद्ध केली. हा मुलगा साडेतीन वर्षांचा. वर्षाचा असताना तो बिस्किटांवरचे मीठ तेवढे चाटून घेई. बोलू लागला तेव्हा त्याच्या अगदी पहिल्या काही शब्दांत ‘मीठ’ हा शब्द होता. पुढे मिठाची बाटली हाती लागली, की तो तिच्यातून खातच सुटे. आईबापांनी हट्ट पुरवला. मुलगा जगला, वाढला. मात्र वयाच्या फार आधी त्याच्या अंगी पुरुषी खुणा दिसू लागल्या, म्हणून त्याला रुग्णालयात ठेवले. तेथे सर्व मुलांना मिळते तेच बेताच्या मिठाचे जेवण त्याला मिळू लागले. सातव्या दिवशी तो दगावला.

त्या मुलाला जे कळले होते ते त्या वेळच्या वैद्यकाला कळलेले नव्हते. दोष कोणा एकाचा नव्हे. ज्ञानच तिथवर पोचले नव्हते.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. ती सुकली तर माणूस कसा खंगतो, हे लंडनच्या थॉमस ॲडिसनने 1855 साली लिहून ठेवले. त्यानंतर दहाच वर्षांनी, 1865 साली, इटलीतील नेपल्स येथे लुइजी दे क्रेक्कियो नावाच्या शारीरशास्त्रज्ञाने एका प्रेताची चिरफाड केली. जन्मभर पुरुष म्हणून वावरलेली ही व्यक्ती, पण पोटात गर्भाशय आणि बीजकोश! अखेरच्या दिवसांत तिला वांत्या आणि पराकाष्ठेचा थकवा होता. आणि या टोपीएवढ्या ग्रंथी? त्या जवळजवळ मूत्रपिंडांएवढ्या फुगलेल्या. दे क्रेक्कियोने हे सारे प्रामाणिकपणे नोंदवले. परंतु ग्रंथी सुकल्यावर जो थकवा येतो तोच ती फुगल्यावर का यावा, हा पेच पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ सुटला नाही.

तो समजायला आपल्याकडचा कालव्याचा पाट डोळ्यांपुढे आणावा. कोलेस्टेरॉल हे या ग्रंथीतले मूळ पाणी. त्याला तीन फाटे फुटतात. एकातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरणारा संदेशवाहक, तयार होतो. दुसऱ्यातून अंगातले मीठ राखणारे आल्डोस्टेरॉन. तिसऱ्यातून पुरुषी गुणांची संप्रेरके. प्रत्येक वळणावर एकेक एन्झाइम दारे उघडायला बसलेले असते. आता पहिल्या दोन फाट्यांवरचे एकच दार जन्मतः मोडके असले तर काय होईल? ते दोन्ही पाट कोरडे पडतील. मेंदूखालची पोष ग्रंथी ही इथली पाटकरी. तिला एवढेच कळते, की कॉर्टिसॉल पोचत नाही. ती वरून आणखी पाणी सोडत राहते. ग्रंथी फुगते, आणि ते सारे पाणी तिसऱ्या शेतात शिरते. मुलगी जन्मली तर तिच्या बाह्य अवयवांना मुलासारखे वळण आलेले असते. मुलगा जन्मला तर वरून काहीच दिसत नाही. आणि तेच जास्त घातक. दोनतीन आठवड्यांत वांत्या सुरू होतात, अंगातले मीठ लघवीवाटे निघून जाते. अशी कितीतरी मुले हगवण-वांतीची म्हणून गेली असतील!

ही गाठ सोडवण्यात पुन्हा विल्किन्सच पुढे होता. 1948 साली कॉर्टिसोन हे औषध संधिवातावर प्रथम वापरले गेले. तेव्हा ते सोन्यासारखे दुर्मिळ होते. 1950 साली विल्किन्सने ते या विकाराच्या एका मुलीला टोचले. फुगलेल्या ग्रंथीच्या रोग्याला त्याच ग्रंथीचा रस द्यायचा, हे वरवर पाहता आगीत तेल ओतण्यासारखेच! पण झाले उलटे. लघवीतील पुरुषी संप्रेरकांचे अवशेष झपाट्याने उतरले. पाटकऱ्याला हवे ते पाणी दिसले, त्याने दरवाजा खाली केला. बॉस्टनच्या डॉक्टरांनाही त्याच सुमारास हेच आढळले.

मोडके दार कोणते, हे फिलाडेल्फियाच्या आल्फ्रेड बोंजोव्हानी आणि वॉल्टर एबरलाइन यांच्या 1950 नंतरच्या संशोधनाने बरेच उलगडले. बहुतेक रोग्यांत ते 21-हायड्रॉक्सिलेज नावाचे एन्झाइम असते. त्याचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे असा माग 1977 साली लागला आणि 1984 साली पेरिन व्हाइट, मारिया न्यू व बो ड्यूपाँ यांनी ते हाती घेतले. 1986 साली मजकूर वाचून झाल्यावर मोठी मौजेची गोष्ट दिसली. या जनुकाच्या शेजारीच त्याची एक प्रत आहे. शेकडा 98 सारखी, पण निकामी. पोथी नकलताना लेखकाची नजर चुकून शेजारच्या किडक्या पानावर जावी आणि तिथली ओळ इथे उतरावी, तसे होते. हा विकार घडवणारे बहुतेक दोष असे शेजाऱ्याकडूनच आलेले असतात.

मीठ मात्र दुसऱ्याही वाटेने जाऊ शकते. 1958 साली चीक आणि पेरी यांनी एक तान्हे मूल वर्णिले. त्याला संप्रेरक देऊनही मीठ टिकेना. पत्र पोचते, पण घरात वाचणारा नाही, अशातला प्रकार. हा वाचणारा म्हणजे पेशीतील ग्राही. आल्डोस्टेरॉनच्या ग्राहीचे जनुक 1987 साली हाती आले, आणि या दुसऱ्या विकाराच्या काही घराण्यांत त्यातच बिघाड असल्याचे 1998 साली दिसून आले.

सोंग्या पांग आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1977 साली टाचेतून काढलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबावर एन्झाइमच्या विकाराची परीक्षा बसवली. आज अनेक देशांत प्रत्येक बाळाची ती होते. आपल्याकडे सरसकट होत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखाहून अधिक बाळे तपासली; 2018 साली प्रसिद्ध झालेला आकडा सुमारे 5,700 बाळांत एक असा होता. युरोप-अमेरिकेत तो साधारण 15,000 त एक आहे. तेव्हा ही परीक्षा इथे नको म्हणण्यासारखी स्थिती नाही.

निदान झालेल्या बाळाला दोन औषधे रोज द्यावी लागतात, जन्मभर. एक कॉर्टिसॉलची जागा घेणारे, दुसरे आल्डोस्टेरॉनची. आणि पहिले वर्षभर, डॉक्टरांनी मोजून दिलेले, दुधातून थोडे मीठ.