दादाचा ‘एम्परर अशोक’

आमच्या डहीत विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ. १९७७च्या सुट्टीत मामाकडे पार्ल्याला गेलो. तिथे दादाने कुंपणाबाहेरून ‘एम्परर अशोक’चा फोटो काढला. १९७१ साली आलेलं एअर इंडियाचं हे पहिलं जम्बो. खिडक्यांभोवती झरोके रंगवलेले! रोलमध्ये तेवढा एकच फोटो उरला होता.

१ जानेवारी १९७८ला तेच विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. दादाने फोटो अल्बममधून काढला, पण फाडला नाही.

२२ एप्रिल २०२४ला एअर इंडियाच्या शेवटच्या जम्बोने पंख झुकवून मुंबईचा निरोप घेतला. व्हिडिओ बघून दादा उठला आणि तो फोटो परत जागेवर लावला. म्हणाला, “आता राहू दे.”