दिव्याआधी स्प्रिंग

पिक्सारच्या चित्रपटांआधी उड्या मारत येणारा टेबललॅम्प आपण सर्वांनी पाहिला आहे. तो १९८६ च्या ‘लक्सो ज्युनिअर’ या लघुपटातला. त्याचे नाव ज्यावरून आले तो ‘लक्सो एल-१’ नॉर्वेच्या याक याकोबसेन यांनी १९३७ मध्ये बाजारात आणला; मात्र त्यासाठी त्यांना एका इंग्रजी दिव्याचे हक्क मिळवावे लागले होते. आजचा धागा त्या मूळ दिव्याचा: अँगलपॉइजचा.

त्याचे जनक जॉर्ज कार्वर्डीन हे बाथ शहरातले मोटार-अभियंते. वाहनांच्या सस्पेन्शनवर काम करता करता ते स्प्रिंगांच्या नादी लागले, आणि १९३२ मध्ये त्यांनी दिव्याचे पेटंट घेतले.

येथे थोडे थांबू. दिव्याचा दांडा आडवा केला की त्याचा भार सांध्यावर अधिक पडतो, उभा केला की कमी. वजन तेच, ओढ मात्र कोनागणिक बदलते. कार्वर्डीन यांनी स्प्रिंगा अशा बसवल्या, की त्यांची उलटी ओढही त्याच प्रमाणात बदलावी. मग दिवा बोटाने हलवा आणि सोडून द्या, तिथेच राहतो. स्क्रू आवळणे नाही, मागे लटकते वजन नाही. आपल्या दंडाचे स्नायू साधारण हेच करतात.

रेडिच येथील, १८५५ पासून स्प्रिंगा बनवणाऱ्या हर्बर्ट टेरी कंपनीने हे दिवे काढले. आधी चार स्प्रिंगांचा, कामाच्या जागांसाठी; १९३५ मध्ये घरगुती वापराचा, तीन स्प्रिंगांचा ‘१२२७’.

विजेची बचत ही जणू या तोलाचीच उपज. उघडा बल्ब दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला, तर कागदावर सोळापट प्रकाश पडतो. शेड तो प्रकाश इतस्ततः पसरू देत नाही. मग कमी वॅटचा बल्बही पुरतो. बल्ब जुनाच, बदलले ते अंतर.

२००९ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने डिझाइनच्या अभिजात नमुन्यांवर तिकिटे काढली. त्यांत मिनी-स्कर्टच्या पंक्तीला हा दिवाही होता. सन्मान योग्यच, तरी आकाराचे कौतुक करताना आपण सस्पेन्शनवाल्या अभियंत्याला विसरतो, असे मला वाटते.

आणि नाव? कार्वर्डीन यांना ‘इक्विपॉइज’, म्हणजे समतोल, हवे होते. शब्द शब्दकोशात आधीच असल्याने नोंदणी नाकारली गेली.