डॅशबोर्डवरची भोके

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून इटलीच्या फियाट ११००चा ‘डिलाइट’ अवतार तयार होऊ लागला. पुढे त्याच गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि काळ्या-पिवळ्या रंगात ती मुंबईची टॅक्सी झाली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली.

आता हौशी मंडळी या गाड्या पुन्हा उभ्या करतात आणि डॅशबोर्डच्या पट्टीपाशी अडतात. नवी घडवलेली पट्टी चकचकीत असते. जुनी भंगारातून येते. क्रोम उडालेले, वर कुणी गणपतीसाठी, कुणी ‘७८६’च्या फलकासाठी पाडलेली भोके.

मला विचाराल तर गाडी घरात जपलेली असेल, तर नवी पट्टी खुशाल लावावी. फक्त नमुना तिच्याच वर्षाचा हवा. पण ती टॅक्सी म्हणून राबली असेल, तर जुनीच पट्टी ठेवावी. कारखान्याची हकिगत कागदोपत्री सापडते. पोटासाठी मुंबईत आलेल्या चालकाची नोंद पुष्कळदा त्या भोकांपुरतीच उरलेली असते.