तीन शाहजादे व चरकाचा पादांशक्रम

अकबराचा पुत्र मुराद इ. स. १५९९ त दौलताबादेच्या मुलुखांत, पूर्णातीरीं, मद्यातिरेकानें वारला, हें वाचकांस विदितच आहे. धाकटा दानियाल याजवर बापाच्या आज्ञेनें खानखानानानें पहारा बसविला. तथापि चाकरांनीं बंदुकीच्या नळींतून दारू पोंचविली, व तोही १६०५ त बऱ्हाणपुरीं वारला.

वडील सलीम, म्हणजे जहांगीर, रोज दुबार गाळलेल्या दारूचे वीस पेले घेई. हकीम हुमामानें परिणाम स्पष्ट सांगतांच त्यानें सात वर्षांत क्रमानें ते सहावर आणिले, असें तोच आत्मवृत्तांत लिहितो. व्यसन सुटलें नाहीं. परंतु तो १६२७ पर्यंत जगला.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, सातव्या अध्यायांत, अंगवळणीं पडलेलें अहित एकाएकीं न सोडतां चतुर्थांशाच्या क्रमानें सोडावें, असें सांगितलें आहे. मुरलेल्या मद्यप्याची दारू अकस्मात् तुटल्यास आंचके व भ्रम होऊन प्राणावरही बेततें, हें आजचें वैद्यकही मानतें. म्हणून डॉक्टर ती आपल्या देखरेखीखालीं सोडवून, त्या काळापुरतीं उतरत्या मात्रेनें औषधें देतात.

जुन्या कागदांत व्यसनी पुरुषाची निंदा पुष्कळ आढळते. ती वाचतांना, त्याजपाशीं पहारेकरी होता कीं हकीम, हेंही संशोधकांनीं पाहावें, असें आम्हांस वाटतें.